उपचार आधी, हिशेब मागाहून

(उमापूर, ता. गेवराई येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

संयोजकांनी मला ‘अर्थसंकल्प आणि सामाजिक क्षेत्रे’ असा भारदस्त विषय दिला होता. त्यांची क्षमा मागून मी तो थोडा बदलून घेतला आहे. आकडे मी देणारच आहे. अध्यापकाची ती खोड निवृत्तीनंतरही जात नाही. परंतु मोठ्या घरात शिरण्यासाठी नेहमी दर्शनी दरवाजाच उघडला पाहिजे असे नाही. मी एका लहानशा प्रश्नाच्या दाराने आत शिरू इच्छितो. घरापासून दूर असताना मूल आजारी पडले, तर त्याच्या उपचाराचे पैसे कोणी द्यायचे, हा तो प्रश्न.

शाळांना सुट्ट्या लागल्या आहेत, आणि आज या गावात दोन प्रकारची मुले एकत्र खेळताना मला दिसली. काही पुण्याहून, संभाजीनगरहून आजोळी आलेली आहेत. त्यांच्यासाठी उमापूर म्हणजे सुट्टी. दुसरी मुले साखर कारखान्यांचे पट्टे पडल्यावर आईबापांबरोबर परत आलेली. ही मुले वर्षाचे पाच-सहा महिने कोल्हापूर, सांगली, सातारा किंवा कर्नाटकातील सीमेलगतच्या ऊसपट्ट्यात, पाचटाच्या कोप्यांत काढतात. त्यांचे घराबाहेर राहणे हे सुट्टीचे नव्हे. तथापि आजाराला हा फरक कळत नाही. दूषित पाणी दोघांच्याही पोटात सारखेच काम करते. फरक सुरू होतो तो रुग्णालयाच्या खिडकीशी.

ही खिडकी मी स्वतः पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब कोकणाकडे निघालो होतो. वाटेत, ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी, माझ्या पाच वर्षांच्या नातीला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. रात्री अकराच्या सुमारास ती डोळे मिटून पडू लागली. मिळाले त्या खाजगी रुग्णालयात तिला नेले. तिथल्या माणसाने प्रथम अनामत रक्कम मागितली, पंधरा हजार रुपये. माझ्या मुलाने खिशातून कार्ड काढले आणि दहा मिनिटांत मुलीला सलाइन लागले.

ती झोपली तेव्हा माझे लक्ष बाहेरच्या बाकाकडे गेले. एक जोडपे बसले होते. बाईच्या मांडीवर तीन-चार वर्षांचा मुलगा निपचित पडलेला. बोलीवरून मी ओळखले की माणसे आपल्याकडची आहेत. बाप खिडकीशी जाऊन सांगत होता, “सायेब, सकाळी मुकादम येतोय. तवर पोराला सलाइन लावा.” खिडकीतला माणूस निर्दय नव्हता. त्याने पाण्यात कालवायच्या साखर-मिठाच्या पुड्या दिल्या. पण अनामत रकमेवाचून दाखल करून घेण्याचा अधिकार त्याला नव्हता. मला हे सारे समजून मी काही करण्यापूर्वीच मुकादम मोटारसायकलवर येऊन पोहोचला. त्याने पैसे भरले, खिशातली वही काढली, काहीतरी लिहिले आणि म्हणाला, “हिशेबात धरतो.”

दोन्ही मुले बरी झाली. म्हटले तर गोष्ट इथेच संपली. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिच्यापुढचे पान उलटले पाहिजे. आमच्या बिलाची रक्कम माझ्या मुलाच्या कंपनीच्या विम्याने महिनाभरात परत केली. त्या बापाच्या बिलाची रक्कम त्याच्या उचलीत मिळवली गेली. म्हणजे ज्याला पैसे भरणे शक्य होते त्याला ते परत मिळाले. ज्याला शक्य नव्हते त्याला ते अंगमेहनतीने फेडावे लागले. मित्रहो, या व्यवस्थेला आपण ‘बाजार’ म्हणतो, आणि तो कार्यक्षम असतो असे वर्गात शिकवण्यात माझी तीस-पस्तीस वर्षे गेली.

आता या गोष्टीचे अर्थशास्त्र पाहू. गरिबाला विमा नसतो असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. स्वतःच्या गावात त्याला एक विमा असतो, आणि त्याचे नाव ओळख. गावचा डॉक्टर उधारीवर सुई टोचतो, दुकानदार वाण्याच्या वहीत मांडून ठेवतो, चुलता शेळी विकून पैसे आणतो, शेजारीण दुसऱ्या लेकरांना भाकरी घालते. हा विमा तोकडा आहे, कधी अपमानकारकही आहे, परंतु आहे. माणूस वेशीबाहेर पडला की तो वेशीवरच राहतो. परगावी त्याला कोणी ओळखत नाही, म्हणून कोणी उधार देत नाही. तिथे रोख हीच एक भाषा चालते. अशा जागी त्याला ओळखणारा एकच सावकार उरतो, तो मुकादम.

त्यातून खर्चही केवळ औषधाचा नसतो. नेण्या-आणण्याचे वाहन, रात्र काढण्याची सोय, बाहेरचे जेवण, आणि सर्वांत मोठी बाब म्हणजे बुडालेली मजुरी. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुलाजवळ आई थांबली की कोयता मोडला, खाडा पडला, त्याचेही पैसे कापले जाणार. म्हणजे उत्पन्न थांबते त्याच दिवशी खर्च सुरू होतो. हंगाम संपताना उचल फिटत नाही आणि बाकी पुढल्या वर्षावर जाते. मुलाच्या चार दिवसांच्या तापाचे रूपांतर अशा रीतीने आईबापांच्या पुढल्या हंगामाच्या करारात होते. ताप उतरतो, वहीतला आकडा मात्र उतरत नाही.

हे केवळ आपल्या जिल्ह्याचे दुःख नाही. अनिरुद्ध कृष्ण या अभ्यासकाने भारतासह अनेक देशांतील हजारो कुटुंबांची माणसे गरिबीत कशी घसरतात याचा शोध घेतला आणि २०१० साली त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांना आढळलेल्या कारणांत आजारपण आणि त्याचा खर्च हे अग्रभागी होते. त्याच्याही पूर्वी, १९६३ मध्ये, केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की वैद्यकीय सेवा ही बाजारातल्या इतर मालासारखी नाही. ती कधी लागेल हे आधी कळत नाही. लागते तेव्हा ती पारखून घेण्याचे ज्ञान ग्राहकाजवळ नसते. मी एवढीच भर घालीन की परगावी, रात्री, कडेवर पोर घेऊन उभा असलेला माणूस ग्राहक नसतोच. तो घासाघीस करू शकत नाही, दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, उद्या येतो म्हणू शकत नाही.

मग कायदा आणि शासन कोठे आहेत? काहीच झाले नाही असे म्हणणे हा कार्यकर्त्याचा आळस होईल. भोर समितीने १९४६ च्या अहवालातच हे तत्त्व मांडले होते की पैसे देता येत नाहीत म्हणून कोणालाही योग्य उपचारांपासून वंचित राहावे लागू नये. पुढे ५० वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने त्याला घटनेचा आधार दिला. पश्चिम बंगालमधील एका शेतमजूर संघटनेचा सभासद १९९२ च्या जुलैमध्ये रेल्वेगाडीतून पडून जबर जखमी झाला. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी, सोय नाही, खाट नाही, असे सांगून त्याला परत पाठवले. शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून त्याने उपचार घेतले. संघटना न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की तातडीचे उपचार नाकारणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब शासनाला सांगता येणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली. ध्यानात घ्या: हा हक्क मजूर एकटा होता म्हणून मिळाला नाही, त्याच्या पाठीशी संघटना होती म्हणून मिळाला.

महाराष्ट्रातही पावले पडली आहेत. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. तातडीच्या वेळी अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून घ्यावे लागते. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना आली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि पुढे तिची मर्यादा दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्यात आली. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून धावते आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क झाले. हे सारे लोकांच्या लढ्यांचे आणि मतांचे फळ आहे. ते आपण नाकारता कामा नये.

परंतु या साऱ्या तरतुदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या की मधली भेग दिसते. फुले योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल करून करावयाच्या, यादीत नमूद केलेल्या उपचारांसाठी आहे, आणि तीही योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांतच. रक्ताची तपासणी, दोन दिवसांची औषधे, बाह्यरुग्ण विभागातील सलाइन, म्हणजेच मुलांच्या आजारात नित्य लागणाऱ्या गोष्टी, तिच्या बाहेर राहतात. सरकारी रुग्णालय निःशुल्क आहे. पण ते फडापासून किती दूर आहे आणि रात्री तिथे बालरोगतज्ज्ञ असतो काय, हा प्रश्न उरतो. योजनेचे कार्ड गावी पेटीत असते आणि आजार फडावर येतो. सर्व तरतुदी पत्ता विचारतात, यादी विचारतात, कागद विचारतात. मूल फक्त आई मागते.

म्हणूनच देशाच्या सरासरीवर मी फार विसंबत नाही. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे एकूण आरोग्यखर्चातील लोकांनी स्वतःच्या खिशातून करावयाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता. तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे. तरीही दर १०० रुपयांतील ३९ रुपये त्या वर्षीही आजारी माणूस खिडकीवर मोजत होता असा त्याचा अर्थ होतो. शासनाचा आरोग्यखर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या आरोग्य धोरणात दिलेले होते. २०२१-२२ चे लेखे तो १.८४ टक्के दाखवतात, आणि ते वर्ष महामारीचे होते.

हा प्रश्न सुटण्यासारखाच नाही असे म्हणणाऱ्यांना मी दोन उदाहरणे देतो. युरोपीय संघाच्या एका देशातील कुटुंब दुसऱ्या देशात सुट्टीवर गेले आणि मूल आजारी पडले, तर २००४ पासून प्रचलित असलेले एक साधे कार्ड त्यांच्या खिशात असते. ते दाखवले की त्या देशातील सार्वजनिक रुग्णालय तिथल्या नागरिकाला ज्या अटींवर उपचार देते त्याच अटींवर या मुलाला देते. खर्चाचा हिशेब दोन देशांची खाती मागाहून आपसात करतात. भाषा निराळी, सरकार निराळे, तरी मुलाच्या उशाशी बसलेल्या आईला त्याची झळ लागत नाही. आणि आपल्याकडे? बीड आणि कोल्हापूर एकाच राज्यात आहेत, एकाच अर्थसंकल्पावर चालतात.

दुसरे उदाहरण कॅनडातले. टॉमी डग्लस नावाचा स्कॉटलंडहून आलेल्या कामगार कुटुंबातील मुलगा हाडाच्या विकाराने आजारी होता. मोठ्या शल्यविशारदाची फी बापाला झेपणारी नव्हती; पाय कापावा लागणार असे दिसत होते. एका शल्यविशारदाने आपल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहता यावी या अटीवर विनामूल्य उपचार केले आणि पाय वाचला. मोठेपणी डग्लस त्या डॉक्टरचे ऋण विसरला नाही. पण त्याने त्यातून दानधर्माचा धडा घेतला नाही. मुलाचा पाय वाचणे हे एखाद्या डॉक्टरच्या मर्जीवर का अवलंबून असावे, असे त्याने विचारले. तो आपल्याच विचारांचा, लोकशाही समाजवादी. १९४४ साली तो सस्कॅचवान प्रांताचा मुख्यमंत्री झाला. १९४७ मध्ये त्याच्या सरकारने रुग्णालयांचा सार्वजनिक विमा आणला, आणि त्याच्या पक्षाच्या सरकारने १९६२ साली सर्वांसाठी वैद्यकीय विमा लागू केला. डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. सरकारने योजना मागे घेतली नाही. पुढे साऱ्या देशाने ती उचलली.

तथापि उत्तरासाठी सातासमुद्रापार जाण्याचीही गरज नाही. महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. हमालाला एक मालक नसतो. आज या दुकानी, उद्या त्या धक्क्यावर. मग त्याच्या भविष्यनिर्वाहाची, आजारपणाची जबाबदारी कोणाची? या कायद्याने उत्तर दिले की जबाबदारी कामाची. जिथे हमाली होईल तिथे मजुरीवर ठरावीक लेव्ही मालकाने मंडळाकडे भरावी आणि मंडळाने कामगाराला सोयी द्याव्यात. मुंबईत अण्णासाहेब पाटील आणि पुण्यात बाबा आढाव यांनी हमालांच्या ज्या संघटना बांधल्या त्यांच्या ताकदीवर हे घडले. ऊसतोड कामगाराची स्थिती याहून वेगळी नाही. त्याला मुकादम असतो, वाहतूकदार असतो, कारखाना असतो. मालक मात्र कोणीच नसतो. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळलेल्या उसावर प्रतिटन १० रुपये कारखान्यांनी द्यावेत आणि तितकीच भर शासनाने घालावी, असे ठरले आहे. राज्यात चांगल्या हंगामात १० कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. हिशेब सोपा आहे: कारखान्यांचे १०० कोटी, शासनाचे १०० कोटी, मिळून वर्षाला २०० कोटी रुपये. या निधीचा पहिला हक्क कोणाचा? माझे उत्तर असे की फडावर आजारी पडलेल्या मुलाचा. कार्यालये, फलक आणि समारंभ यांचा नंबर त्यानंतर.

माझी मागणी एका वाक्यात सांगता येते. चौदा वर्षांखालील मूल कोणत्याही गावचे असो, ज्या रुग्णालयात प्रथम पोहोचेल तिथे त्याला तातडीचे उपचार अनामत रकमेवाचून मिळाले पाहिजेत, आणि त्याचा खर्च सार्वजनिक निधीने त्या रुग्णालयाला ठरलेल्या दराने, ठरलेल्या मुदतीत दिला पाहिजे. आधी उपचार, मागाहून हिशेब. राजस्थानने २०२३ साली आरोग्य हक्काचा कायदा करून तातडीच्या उपचारांबाबत हे तत्त्व स्वीकारले. तिथेही खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले आणि मग अंमलबजावणीचे नियम रखडले. त्यातून घ्यायचा धडा दुहेरी आहे. कायदा करता येतो. आणि पैसे केव्हा व कोणत्या खात्यातून मिळतील हे कायद्यातच लिहिले नाही, तर तो कागदावर राहतो. लहान गावात दहा खाटांचे रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टरला आपण शत्रू मानू नये. सरकारी बिल वर्षभर थकणार असेल तर तोही खिडकीवर अनामत रक्कमच मागणार.

याचा गैरफायदा घेतला जाईल, असा आक्षेप येईल. काही प्रमाणात घेतलाही जाईल. पण सुट्टीची मजा म्हणून कोणी आपल्या लेकराला सलाइन लावून घेत नाही. गैरव्यवहार होतो तो बिल फुगवण्यात. त्यावर उपाय म्हणजे ठरलेले दर आणि तपासणी. त्यासाठी आजारी मुलाला दाराबाहेर बसवणे हा उपाय नव्हे. पुण्याहून आजोळी आलेल्या मध्यमवर्गीय नातवालाही फुकट उपचार का, असेही कोणी विचारील. माझे सांगणे आहे की त्यालाही द्या, आणि त्याच्या बापाकडून कर घ्या. केवळ गरिबांसाठी राखलेली सेवा लवकरच गरीब सेवा होते. सर्वांची मुले ज्या खाटेवर झोपतात त्या खाटेची गादी कोणी फाटू देत नाही.

शेवटी आपल्या कामाविषयी. कायदा होईपर्यंत हात बांधून बसायचे नाही. दिवाळीनंतर टोळ्या बाहेर पडतील. त्यापूर्वी या गावातील प्रत्येक ऊसतोड कुटुंबाचे आरोग्य योजनेचे कार्ड आणि शिधापत्रिका तयार आहेत की नाही हे पाहा, आणि ती पेटीत न ठेवता सोबत न्यायला सांगा. कोणती टोळी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाते याची नोंद करा. तिथल्या सरकारी रुग्णालयाचे, योजनेतील रुग्णालयांचे आणि धर्मादाय रुग्णालयांचे पत्ते व दूरध्वनी एका कागदावर छापून द्या. कोल्हापूर-सांगलीकडच्या आपल्या साथींशी आजच बोला. रात्री अकरा वाजता खिडकीशी जाऊन “अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे तुमच्यावर बंधनकारक आहे” असे सांगणारा एक माणूस तिथे उभा राहिला, तर तो आपला पक्ष आहे असे लोक म्हणतील. आणि हंगामाअखेर आजारपणासाठी वाढलेल्या उचलीचे आकडे गोळा करा. कोणत्या कुटुंबाच्या वहीत कोणाच्या तापाचे किती रुपये चढले हे महामंडळासमोर आणि विधिमंडळासमोर मांडल्यावाचून मागणीला वजन येणार नाही. परगावी गेलेल्या माणसाची ओळख त्याच्या गावाच्या वेशीवर राहते, असे मी मघाशी म्हणालो. ती ओळख तिथवर पोहोचवणे हेच संघटनेचे काम आहे.

त्या रात्री मुकादम आला नसता तर काय झाले असते, हा विचार मला पुष्कळ दिवस छळत होता. आता मला दुसराच विचार छळतो. तो आला, त्याने पैसे भरले, मूल वाचले. आणि त्या आईबापांनी त्याचे आभार मानले. राज्याने भरायची जागा रिकामी होती, ती त्याने भरली. ज्या दिवशी त्या खिडकीशी कोणालाच कोणाचे आभार मानावे लागणार नाहीत, त्या दिवसासाठी आपण काम करीत आहोत.